लेथपारखी काका

भोसरी एमआयडीसीत जुनी मशिनरी विकणाऱ्या गाळ्यांमध्ये हे काका हमखास दिसतात. पांढरा शर्ट, खिशात स्टीलची पट्टी, हातात मिठाईचा खोका आणि खोक्यात डायल गेज. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण "आमच्या टूलरूममध्ये" असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. ओळखीतल्या कुणाला घरच्या वर्कशॉपसाठी जुना लेथ घ्यायचाय एवढं कानावर आलं, की हे स्कूटरवर मागे बसलेच म्हणून समजा.

"रंग कधी मारला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तिथेच शेठचा रंग उतरतो. शेठने मागवलेला चहा निवतो, कारण काका तोवर बेडवरून नख फिरवत असतात.

"अरे, लहान जॉब सगळे चकजवळच होतात. बेड झिजतो तो तिथे." मग चकजवळ सॅडल जेमतेम सरकेल इतके गिब आवळायचे आणि तो टेलस्टॉककडे ढकलायचा. मधेच अडकला, की काका आनंदाने टाळी देतात. क्रॉस स्लाइडचा दांडा थोडा रिकामा फिरला तर मात्र उदार होतात: "नट बदलता येतो, बेअरिंग बदलता येतं. बेड काय बदलणार?" हे शंभर टक्के खरं आहे, आणि एवढ्यासाठी तरी त्यांचं बाकीचं बोलणं ऐकून घ्यावं. हेडस्टॉकला स्क्रूड्रायव्हरचं टोक आणि मुठीला कान लावून ते डोळे मिटतात, तेव्हा गाळ्यातली पोरंसुद्धा गप्प होतात.

नेमप्लेटवर किर्लोस्कर दिसलं, की हरिहरचा कारखाना आणि १९४१ साल निघतं. शेजारी एचएमटी उभा असला, तर संध्याकाळ तिथेच होते. घरी थ्री फेज आहे का, टेम्पोतून उतरवणार कोण, लेथ मावणार कुठे, हे त्यांच्या लेखी किरकोळ विषय.

शेवटी निकाल येतो: "मशीन चांगलं आहे. घेऊ नकोस."

का? तर एवढ्या पैशात राजकोटचा नवा येईल. नवा दाखवला, की कास्टिंग कच्चं आहे. जुना बेड कसा, वाकायचा तेवढा वाकून मोकळा झालेला असतो. म्हणजे जुना झिजलेला आणि नवा न मुरलेला. त्यांनी पास केलेला लेथ अजून कुणाच्या पाहण्यात नाही. त्यांच्या स्वतःकडेही नाही. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात.

लेथ घ्यायचा असेल तर काकांना जरूर न्या. बेड आणि स्पिंडल त्यांच्याकडून तपासून घ्या, चक आणि चेंज गिअर किमतीतच मागून घ्या. मग काकांना चहाला पाठवा आणि तेवढ्यात शेठच्या हातावर विसार ठेवा.