तोंडाला फेस

हवेला पैसे मोजायचे नाहीत, हा माझा जुना बाणा आहे. वेफर्सचं पाकीट मी आधी दाबून बघतो आणि आत बटाटा किती, वारा किती याचा अंदाज आल्याशिवाय पाकिटाला हात घालत नाही. त्यामुळे मुलीने हट्टाने नेलेल्या कॅफेत बिल आलं आणि आइस्ड कॉफीच्या खाली ‘कोल्ड फोम’ अशी वेगळी ओळ, तिच्यापुढे वेगळी रक्कम दिसली, तेव्हा मी वेटरला बोलावून त्या ओळीवर बोट ठेवलं.

“सर, तो वरचा फेस,” तो म्हणाला.

फेसात असतं काय? दूध आणि हवा. आणि त्यातली हवा तर कर्वे रस्त्यावरचीच होती. तीही भर दुपारची.

“हे घरी होतं,” मी म्हणालो.

या वाक्यापायी आमच्याकडे आजवर एक आकाशकंदील, सोफ्याची कव्हरं आणि बाथरूममधला एक बरा चाललेला नळ कामातून गेला आहे. बायकोने पर्स बंद केली आणि “अहो, नको,” एवढंच म्हणाली. ते तिने इतक्या सरावाने म्हटलं की मला चेव आला.

आमच्या घरात कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ किसून घातलेली, गोड आणि प्यायल्यावर डोळे मिटायला लावणारी. कॉफीने झोप उडते हे मला हॉस्टेलवर गेल्यावर कळलं. तेव्हा गार कॉफी, तिच्यावर गार फेस, हा प्रांत माझा नव्हता. पण मी आधी वाचतो, मग करतो. त्यामुळे माझे गोंधळसुद्धा अभ्यासपूर्ण असतात.

वाचल्यावर कळलं की प्रकरण सिएटलचं आहे. स्टारबक्सने २०१४ साली तिथल्या आपल्या रिझर्व्ह रोस्टरीत हा फेस पहिल्यांदा कॉफीवर घातला आणि २०१८ पासून अमेरिकेतल्या बाकीच्या दुकानांतही तो मिळायला लागला. कॅपुचिनोचा फेस वाफेवर होतो. तो बर्फावर ओतला की बर्फ विरघळतो आणि फेस बसतो. म्हणून वाफेला रजा द्यायची आणि स्निग्धांश काढलेलं गार दूध ब्लेंडरच्या खास पात्याने फेटायचं. एवढंच. त्याच्या कितीतरी आधी, १९५७ साली, ग्रीसमध्ये थेसालोनिकीच्या व्यापारी प्रदर्शनात नेस्लेच्या दिमित्रिस वाकोंडिओस यांना कॉफीची तल्लफ आली आणि गरम पाणी काही मिळेना. त्यांनी इन्स्टंट कॉफी आणि गार पाणी शेकरमध्ये घालून हलवलं. वर फेस आला आणि ग्रीसला फ्रापे मिळाला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कोरियातून आलेली डालगोना कॉफी तर आमच्या मुलीनेच केली होती. कॉफी, साखर आणि गरम पाणी सारखं घेतलं, फेट फेट फेटलं आणि वाटीत उभा राहील असा फेस काढला. मी तेव्हा नुसता बघत होतो. म्हणून ती जमली.

माझी बाजू भक्कम होती, कारण आमच्याकडे दूध उत्तम येतं. गवळ्याचं, म्हशीचं. तापवून रात्रभर ठेवलं की सकाळी साय अखंड उचलता येते आणि आई ती पाहुण्यांना दाखवते. असल्या दुधाला फेस येणार नाही तर कशाला येणार? मशीनचीही गरज नव्हती, घरात रवी होती. पातेल्यात गार दूध घेतलं, दोन तळव्यांत रवीचा दांडा धरला आणि घुसळायला लागलो. मोठाले बुडबुडे वर आले, क्षणभर टिकले आणि एकेक करून फुटले. मी वेग वाढवला. दूध ओट्यावर आलं, ओट्यावरून बनियनवर आलं. पातेल्यात जे उरलं ते पहिल्याइतकंच निवांत होतं.

“ताक करतोयस का रे?” बाहेरून आईने विचारलं.

“नाही, फेस!”

“आला का?”

मी कपाळ पुसलं. आला होता, पण दुधाला नाही.

पुन्हा वाचायला बसलो. दुधात फेस धरून ठेवतात ती प्रथिनं. ती बुडबुड्याभोवती पातळ पडदा करतात आणि त्या पडद्यात फॅटचा कण घुसला की पडदा फाटतो. दूध धड गार नाही, धड गरम नाही असं असलं तर आणखी वाईट. फॅट अर्धवट घट्ट, अर्धवट पातळ राहतं आणि जास्तच उच्छाद मांडतं. पुण्यातल्या मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या स्वयंपाकघरात, मी घुसळेपर्यंत दूध नेमकं त्याच अवस्थेला आलं होतं. ज्या सायीवर आमचं घराणं पोसलं, तीच माझ्या मुळावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवळ्यासाठी मी स्वतः दारात गेलो.

“जरा पातळ दूध मिळेल का?”

त्याने किटली खाली ठेवली. “काका, सरळ बोला. मागं काकू म्हणल्या, पाणी वाटतंय. त्यावरून टोमणा मारताय ना?”

“अरे नाही रे, मला खरंच हवंय.”

“मग पाणी घालून देऊ?”

“पाणी नको. पाण्याने प्रथिनंही पातळ होतात. फक्त फॅट काढलेलं हवं.”

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या खांद्यावरून आत बघून म्हणाला, “काकू आहेत का घरात?”

त्या दिवसापासून आमच्याकडे दूध आणखीच दाट यायला लागलं आहे. वर मापाबाहेरचं ओंजळभर तो न सांगता घालतो. एका प्रामाणिक माणसाची इभ्रत मी दुखावली आणि तिची भरपाई रोज सायीच्या रूपाने होते आहे. आईला वाटतं मी त्याला चांगला दम दिला.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण वाचताना आणखी एक वाट सापडली होती. दुधाऐवजी क्रीम. क्रीममध्ये गणित उलटं असतं. तिथे फॅटचेच कण एकमेकांना धरून हवेला कोंडून ठेवतात. मात्र त्यासाठी फॅट तीस टक्क्यांच्या वर लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रेश क्रीमच्या खोक्यावर पंचवीस टक्के लिहिलेलं होतं. ते मी बाणेदारपणे परत फळीवर ठेवलं, कारण फ्रिजमध्ये सायीचा डबा होता. साय म्हणजे दुसरं काय? क्रीमच. साय मिक्सरच्या भांड्यात घातली. सगळं गार हवं, अशी सक्त ताकीद वाचलेली होती म्हणून वर बर्फाचे खडे टाकले आणि बटण फिरवलं. सुरुवातीला खरोखर फुललं. मी बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत, तिने बघावं म्हणून, फिरवत राहिलो. ती आली तेव्हा आवाज बदलला होता. भांड्यात काहीतरी थपथप आपटत होतं.

“लोणी आलं की,” ती म्हणाली.

साय घुसळताना बर्फाचं पाणी घातलं की लोणी गोळा होतं, हे आमच्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. आईने हातात गोळा घेतला, धुतला, झेलला, वाटीत ठेवला. “विरजण नाही लावलं, तरी बरं आलंय. पुढच्या वेळी साय जरा जास्त साठू दे,” म्हणाली आणि तुपाचं पातेलं काढायला गेली. लहानपणापासून माझ्या हातून झालेल्या कुठल्याही कामावर तिने इतकी मोकळी दाद दिलेली मला आठवत नाही. नाकारायला जीव होईना.

मग मुलीने हातात धरायचं फेटणीयंत्र मागवलं. टोकाला बारीक स्प्रिंगचं कडं, मुठीत दोन पेन्सिल सेल. हे यंत्र आधी दुधात बुडवायचं आणि मग सुरू करायचं असतं. सुरू करून बुडवलं तर ते पृष्ठभागावरचं दूध उचलतं आणि चहूकडे सारखं वाटतं. माझ्या चष्म्यावर, लायटरवर, कुकरच्या शिट्टीत, आणि समोर टांगलेल्या कालनिर्णयवर अगदी संकष्टीच्या चौकोनात. बायकोने फडकं आणलं, कालनिर्णय पुसलं, फडकं माझ्या हातात दिलं आणि गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी अक्कल आली ती दुकानातल्या पिशव्यांवरची बारीक अक्षरं वाचून. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के आणि स्निग्धांश सोडून बाकीचे घनपदार्थ साडेआठ टक्के. डबल टोन्डमध्ये फॅट दीड टक्का, पण हे बाकीचे पदार्थ नऊ टक्के. म्हणजे माझा शत्रू निम्मा आणि मित्र उलट जास्त. हे गवळ्याला समजावून सांगायचा मला मोह झाला होता, तो मी आवरला. डबल टोन्डची पिशवी मागितल्यावर दुकानदाराने आवाज खाली आणून विचारलं, “घरी कुणाची अँजिओप्लास्टी झाली का?”

तरी पहिला ग्लास फसलाच. फेस आला, आणि सोडावॉटरसारखा चुरचुरत खाली बसला. वास घेतला तर ग्लासला तुपाचा. माझ्याच लोण्याचं तूप, त्याच ग्लासातून बरणीत ओतलेलं! ओशट भांड्यात फेस टिकत नाही. साबणाचा अंश राहिला तरी टिकत नाही. ग्लास कढत पाण्याने घासला, भरपूर पाण्याखाली विसळला, पुसला आणि दुधासकट फ्रीजरमध्ये ठेवला. दूध गोठायच्या आत काढलं, चमचाभर साखरेचा पाक घातला आणि यंत्राचं कडं दुधाच्या वरच्या थराखाली, जेमतेम बुडेल असं धरलं.

आधी यंत्राचा ‘सूं’ असा बारीक आवाज येत होता. हळूहळू तो जड झाला. दुधाची पातळी चढायला लागली. बुडबुडे बारीक होत होत दिसेनासेच झाले आणि वर एक गुळगुळीत, पांढरा, किंचित चकाकणारा थर जमला. चमच्याने ओढला तर ओरखडा तसाच राहिला. उंच ग्लासांत बर्फ आणि इन्स्टंट कॉफी तयारच होती. तिच्यावर फेस ओतला. तो वर थांबला. खालच्या कडेने त्याचे पांढरे धागे कॉफीत उतरायला लागले. मी यंत्र बंद करायचं विसरून बघत राहिलो.

बायकोने हिशेब मांडला नाही. यंत्र, सेल, दुधं, साय आणि नवीन बनियन यांची बेरीज कॅफेच्या बिलातल्या त्या एका ओळीच्या किती पट होते, हे तिने विचारलंही नाही. फक्त कागद आणि पेन माझ्यासमोर ठेवलं आणि ग्लास उचलला. “जायफळ हवं होतं,” ती म्हणाली आणि स्वतःच वर किसलं. मान्य करायला जड जातं, पण चव सुधारली. मुलीने आधी ग्लासचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मग त्यात स्ट्रॉ खुपसून तळातून कॉफी ओढली आणि फेस जसाच्या तसा ठेवून ग्लास रिकामा म्हणून परत दिला. फेस ओठांनी, कॉफीबरोबर प्यायचा असतो, हे मी तिला सांगत होतो. तिने कानात काहीतरी घातलेलं होतं.

आईने आपला ग्लास खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

“दूध नासलं का रे?”

“नाही आई. तो फेस आहे. मुद्दाम केलाय.”

“बरं, बरं.” जन्मभर तिने तूरडाळ शिजायला ठेवली की वर येणारा फेस निगुतीने काढून टाकला आहे. तिने चमचा घेतला. ग्लासच्या कडेने फिरवत सगळा फेस एकाही थेंबाचा अपव्यय न करता अलगद उचलला, सिंकमध्ये टाकला, वरून पाणी सोडलं आणि ग्लास माझ्या हातात दिला.

“हं, झाली स्वच्छ. आता जरा गरम करून आण.”