घोटभर अभ्यास

नाशिकच्या गंगापूर रोडला हल्ली प्रत्येक सोसायटीत एक भाऊसाहेब असतात. बँकेतून निवृत्त, साखर काठावर, आणि 'दारू' म्हटलं की कपाळाला आठ्या. "आम्ही पीत नाही हो, टेस्टिंग करतो!" जवळच्या रेस्टॉरंटात महिन्यातल्या एका रविवारी सहाशे रुपयांत पाच वाइन आणि पाच पदार्थ मिळतात. तिथे भाऊसाहेब वहिनींना घेऊन वेळेआधीच हजर. पाच गुणिले तीस म्हणजे दीडशे मिली, वर खाणं. हा हिशेब पहिल्या घोटाच्या आत होतो आणि मुदत ठेवीच्या व्याजासारखा शेजारच्यालाही समजावला जातो. चाखलेली वाइन थुंकायला ठेवलेलं भांडं ते पायाने टेबलाखाली सरकवतात. पैसे मोजून थुंकायचं?

ग्लास आला की दांडीला धरायचा, उजेडात न्यायचा, गरगर फिरवायचा आणि नाक आत घालायचं. ही सवय इतकी भिनलीय की घरी ताक, सोलकढी, परवा तर खोकल्याचं औषधसुद्धा फिरवून झालं. सॉव्हिन्यॉन ब्लां हुंगून ते म्हणाले, "ढोबळी मिरची!" यात काही खोटं नाही, त्या द्राक्षाला तो वास येतोच. वहिनी म्हणाल्या, "ढोबळीचीच भाजी केली होती काल. ताट सरकवलंत."

पंचाईत झाली ती शिराजपाशी. मे महिना, एसी दमलेला, तरी भाऊसाहेब हटून बसले: रेड गार करायची नाही, खोलीच्या तापमानालाच प्यायची. आता ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. इथे ग्लासाला हात लावला तरी ऊब जाणवत होती. त्यात सोबत मिसळ, वर तर्री. शिराजचं टॅनिन आणि तर्री एकत्र आली की तिखट चढतं. भाऊसाहेबांचे कान लाल, डोळ्यांना धार. "फिनिश... लांब आहे," एवढंच कसंबसं बाहेर पडलं. वहिनींनी मिसळीसाठी गोडसर, गारेगार शेनिन ब्लां मुकाट राखून ठेवली होती. तिखटाला उतारा तोच.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दिंडोरीकडचे एक बागाईतदार बसले होते. पाणी पिऊन सावरल्यावर भाऊसाहेबांनी त्यांना नाशिकच्या वाइनचा इतिहास सांगायला घेतला. १९९९ ची सुला, २००१ चं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण, गंगापूर धरण, सगळं. बागाईतदार मान डोलावत होते. थॉमसन काढून वाइनची द्राक्षं लावली तेव्हापासून हा इतिहास त्यांच्या बांधावरूनच गेलेला. ब्रिक्स किती भरला हे मीटरच्या आधी दाणा चाखून सांगणारा माणूस.

"मग काका, कशी वाटली शेनिन?"

"मी नाही घेत. माळ आहे गळ्यात. पोरानं पैसे भरले अन् ऐन वेळी त्याला मुंबईला जावं लागलं. म्हटलं, खाणं तरी वाया जायला नको."

त्यांच्या पुढ्यातले पाचही ग्लास तसेच भरलेले होते. भाऊसाहेबांचे ओठ हलले. दीडशे गुणिले दोन.

इतिहास २००१ लाच थांबला. पुढचा अर्धा तास वास, रंग, फिनिश, कशाचंच नाव निघालं नाही. निघताना त्यांनी मॅनेजरला बाजूला घेतलं.

"पुढच्या महिन्याला आमच्या दोन जागा धरा. आणि हे बघा, कोणी माळकरी आले, तर आमच्याच टेबलाला बसवा."