टॉलस्टॉयला गुण कोण देणार?

व्लादिमीर नाबोकोव्ह अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रशियन साहित्य शिकवायचे. त्यांचा निकाल ठरलेला. टॉलस्टॉय पहिला, गोगोल दुसरा, चेखव्ह तिसरा, तुर्गेनेव्ह चौथा. आणि दोस्तोव्हस्की? अगदी सामान्य लेखक!

निकाल देणारा थोर, म्हणून निकाल बरोबर?

मग पहिल्या नंबरवाल्यालाच विचारू. टॉलस्टॉयने १८९८मध्ये कलेवर पुस्तक काढलं. त्यात स्वतःच्या दोन छोट्या गोष्टी सोडल्या, तर बाकी सगळं लेखन त्याने वाईट कलेत ढकललं. ‘युद्ध आणि शांती’ गेली, ‘अॅना कारेनिना’ही गेली. त्याच पुस्तकात उच्च कलेची उदाहरणं दिली आहेत, आणि तिथे दोस्तोव्हस्की मानाने बसलेला आहे.

आता बोला.

दोस्तोव्हस्कीने तर १८७७मध्येच ‘अॅना कारेनिना’ला निर्दोष कलाकृती म्हणून सलाम ठोकला होता. दोघांची आयुष्यात एकदाही भेट झाली नाही. भांडण त्यांचं नव्हतंच, ते आपण लावलं.

दोस्तोव्हस्की गबाळं लिहितो, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. प्रकाशकाशी केलेला जाचक करार गळ्याशी आला, तेव्हा १८६६च्या ऑक्टोबरात त्याने ‘जुगारी’ २६ दिवसांत तोंडी सांगून लिहून घेतली. अशा घाईत खोलीतलं सामान आणि खिडकीबाहेरचं आभाळ कोण रंगवत बसणार? नाबोकोव्हना नेमकं तेच हवं होतं.

पण कादंबरी म्हणजे फक्त डोळ्यांनी पाहायची गोष्ट आहे का?

दोस्तोव्हस्कीच्याच ‘कारामाझोव्ह’मध्ये खानावळीत बसून इव्हान धाकट्या भावाला विचारतो, की निरपराध पोराच्या अश्रूंवर उभारलेलं सुख तुला चालेल का? त्या पानांवर टेबल-खुर्च्या आठवत नाहीत. प्रश्न मात्र सुटत नाही.

आणि टॉलस्टॉय लांबण लावतो म्हणणाऱ्यांनो, ‘अॅना कारेनिना’मधला लेव्हिन शेतकऱ्यांबरोबर गवत कापतो ते प्रकरण वाचलंत? ते घाईत वाचलं तर हाती काहीच लागत नाही. विळ्याच्या लयीत वाचलं तर अंगाला घाम फुटतो.

१८६६मध्ये ‘रशियन हेराल्ड’ या एकाच मासिकात दोस्तोव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ आणि ‘युद्ध आणि शांती’चा सुरुवातीचा भाग छापून येत होता. त्या वर्गणीदारांना एकाची निवड करावी लागली नाही. आपल्यालाच का करावी लागते?

माझं मत विचाराल तर कारागिरीत टॉलस्टॉय वरचढ. त्याच्याइतका जिवंत माणूस दुसऱ्या कुणी कागदावर उतरवलेला मी वाचलेला नाही. पण दोस्तोव्हस्कीला सामान्य म्हणणं साफ चूक आहे, म्हणणारे नाबोकोव्ह असले तरी.

तुमचं मत वेगळं असेल, जरूर असू द्या. फक्त इव्हानची खानावळ आणि लेव्हिनचं गवत, ही दोन प्रकरणं आधी वाचा.