साथीला प्युमा

घरातले सगळे झोपल्यावर, रात्री अकराला, मी रूबीतलं एक नमुन्याचं ॲप्लिकेशन मांडायला बसलो. मांडायलाच, भातुकली मांडतात तसं. फाइल एक, ओळी चार. कुणी दाराशी आलं तर ‘नमस्कार’ म्हण, एवढंच काम. त्या एका नमस्कारामागे सर्व्हर उभा करायचा, म्हणजे शेजारणीला हळदीकुंकवाचं बोलावणं धाडायला सनईचौघडा ठरवण्यातला प्रकार. रूबी ही मात्सुमोतोंनी १९९५ साली जगापुढे आणलेली जपानी भाषा, लिहिणाऱ्याला आनंद व्हावा म्हणून रचलेली. नावच माणकाचं, म्हणून तिच्या जोडसामानालाही ‘जेम’ म्हणतात. आमच्याकडे रत्न धारण करायला मुहूर्त लागतो. इथे मी बनियनवर बसून फुकटात रत्नं उतरवून घेत होतो.

त्यातलं एक सिनात्रा. फ्रँक सिनात्रा या गायकाचं नाव लावणारं, २००७ सालचं. सुरू करायला गेलो तर बसेचना. रॅकअप आणि प्युमा ही दोन रत्नं आधी आणा, म्हणाला, आणि गप्प. मला राग आला नाही. आमच्या आळीतले भजनीबुवाही पखवाजवाला येईपर्यंत सतरंजीच्या कडेला उभेच राहत, चप्पल न काढता. साथीदार आले आणि पडद्यावर ओळ उमटली: सिनात्रा ४५६७ वर रंगमंचावर आले आहेत, साथीला प्युमा. ४५६७ हा पोर्टचा क्रमांक, पण मला ती खुर्च्यांची संख्या वाटली. प्रत्यक्षात श्रोता एकच, १२७.०.०.१ या पत्त्यावरचा. म्हणजे आपणच आपल्या दाराची कडी वाजवायची आणि आपणच ‘आलो, आलो’ म्हणायचं.

नमस्कार झाला. मग उगाच पत्त्यापुढे ‘चहा’ लिहून पाहिलं. उत्तर आलं, हे गाणं सिनात्राला ठाऊक नाही. आणि खाली, ते शिकवायचं तर कोणत्या ओळी लिहाव्यात तेही. येत नाही हे इतक्या निर्मळपणे सांगणारा गवई मी पाहिला नव्हता. मी स्वतः तसा नव्हतो. सहावीत असताना गणपतीच्या मांडवात दुपारी माइक तपासायला म्हणून मला उभं केलं, तर रिकाम्या सतरंज्यांपुढे मी अख्खं भावगीत म्हटलं, सुरेल. शिडीवरच्या वायरमनचे हात वर अडकलेले. त्याने पक्कड बांबूवर ठोकून दाद दिली. रात्री मांडव भरला तेव्हा दुसरं कडवं आठवेना. येत नाही म्हणायचं सोडून मी पहिलंच तीनदा म्हटलं. आई पुढच्या रांगेत मान डोलावत होती, तीनही वेळा, तितक्याच कौतुकाने.

साडेबाराला कंट्रोल आणि सी दाबून सर्व्हर थांबवला. पडद्यावर आलं, सिनात्रांची मैफल संपली. आणि पुढे, कंसात: श्रोते टाळ्या वाजवतात. मी मागे वळून पाहिलं. पंखा फिरत होता, आणि कपाटावर कुणीतरी विसरलेला स्क्रूड्रायव्हर होता.

मी सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि लगेच बंद केला.