पुराव्यानिशी

इंग्लंडात गोड्या पाण्याचं कुठलंही तळं घ्या, गळ टाकून बसलेल्यांत एक तरी जाळीवाले असतातच. आमच्या वाट्याला आलेले जाळीवाले लेस्टरजवळ, अगदी भिंतीला भिंत लागून राहतात. वय सत्तरीच्या अलीकडे. अंगात बारा महिने एकच हिरवं जाकीट, त्याच्या एका खिशात मोजपट्टी आणि दुसऱ्यात अळ्यांची डबी. डबीचं झाकण सैल असलं तर काय होतं, हे त्यांच्या बायकोला विचारावं.

जाळीवाले म्हणजे जाळं टाकून मासे पकडणारे नव्हेत. मासे ते गळानेच पकडतात. पकडलेला मासा दिवसभर जिवंत राहावा म्हणून काठाशी पाण्यात कड्यांची एक लांबलचक जाळी सोडलेली असते, तिला कीपनेट म्हणतात. रोच, ब्रीम, टेंच, पर्च अशी सगळी मंडळी तीत मुक्कामाला जातात आणि संध्याकाळी वजन होऊन पुन्हा तळ्यात. मी देवगडचा. आमच्याकडे माशाला दोनच जागा ठाऊक, पाणी आणि तवा. ही मधली जागा कशासाठी, ते कळायला मला या शेजाराची काही वर्षं खर्ची घालावी लागली.

कारण अगदी साधं निघालं. सोडलेल्या माशाचा पुरावा राहत नाही. स्पर्धा असली तर ठीक. शिट्टी झाली की काटेवाला एकेकाच्या जाळीपाशी येतो, मासे पिशवीत घालून टांगतो आणि पौंड-औंसांत आकडा लिहून घेतो. (सगळा देश किलोवर गेला तरी इथला मासा अजून पौंडांतच वाढतो.) पण एरवी, नुसतं मजेसाठी बसलेल्या माणसानं केवढा मासा धरला, हे जगाला कसं कळावं? फोटोवर जाळीवाल्यांचा विश्वास नाही. मासा हातात धरून कॅमेऱ्याच्या दिशेनं हात लांब केला की त्याचं वजन पौंडभर वाढतं, हे त्यांना तळ्यावरच्या इतर सभ्य गृहस्थांच्या फोटोंवरून कळलेलं आहे. शिवाय तेवढा वेळ मासा उन्हात. तेव्हा पुरावा म्हणजे जाळी, आणि जाळीतला मासा डोळ्यांनी बघणारा माणूस.

इथपर्यंत हा माणूस चारचौघांसारखा बढाईखोर आहे. पंचाईत अशी, की त्याच माणसात एक सरकारी वकीलही बसलेला आहे.

एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचे नियम त्यांना तोंडपाठ आहेत, आणि दुसऱ्याला ते नाहीत याचा त्यांना मनापासून आनंद होतो. जाळी निदान 2 मीटर लांब हवी. कड्याचा घेर 120 सेंटिमीटरहून जास्त, दोन कड्यांमधलं अंतर 40 सेंटिमीटरहून कमी. विणीत गाठ नको, तार नको. आणि भोकाचा घेर 25 मिलिमीटरच्या वर नको. इथे ते थांबतात आणि समोरच्या नवख्याकडे बघतात. तो बिचारा बोटांनी इंचभर रुंदीचं भोक करून दाखवतो, आणि जाळीवाल्यांचा दिवस सत्कारणी लागतो. "घेर! व्यास नव्हे, घेर!" म्हणजे चौकोनी भोकाची एक बाजू जेमतेम सहा मिलिमीटर. एवढ्या बारीक विणीत पर अडकत नाही आणि फाटतही नाही.

त्यांच्या शेडमध्ये वडिलांच्या वेळची एक गाठींची जाळी खिळ्याला टांगलेली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवली जाते. त्या गाठींनी खवले खरवडायचे, अंगावरचा बुळबुळीत थर निघायचा. आणि तो थर गेला की रोगाला दार उघडं. "याच जाळीत त्यांनी आयुष्यभर मासे ठेवले," असं सांगताना त्यांचा आवाज असा उतरतो, की वडील तुरुंगात जाऊन आले असावेत असं ऐकणाऱ्याला वाटतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धीर द्यायला दोन शब्द बोललोसुद्धा.

स्वतः ते मासा जाळीत कसा ठेवतात, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. आधी हात पाण्यात बुडवून ओले करणार, कारण कोरड्या हातालाही तो थर निघून येतो. हूक काढणार तो मासा अजून लँडिंग नेटच्या ओल्या कापडात असतानाच. मग कीपनेटचं तोंड पाण्यापर्यंत वाकवणार आणि झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा मासा आत सरकवणार. या सगळ्यात त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली असते. पलीकडे कुणी उभ्यानं, वरून मासा जाळीत टाकला आणि 'थप्प' असा आवाज झाला, की जाळीवाले डोळे मिटतात.

थोड्या वेळानं "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून उठतात. हा खोटेपणा आहे. ते तपासणीला निघालेले असतात. कुणाची अर्धी जाळी काठावर आणि अर्धी गुडघाभर पाण्यात, कडी एकावर एक बसलेली, आत मासे दाटीवाटीनं. असं दिसलं की मालकाच्या परवानगीची वाट न पाहता जाळी ओढून, ताणून, खोल पाण्यात सावलीला नेऊन खुंटीला अडकवतात. मोठे कार्प आणि लहान रोच एकाच जाळीत दिसले, तर त्या दिवशी व्याख्यान. बार्बेलला मात्र ते जाळीचं तोंडही दाखवत नाहीत. त्याच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा दातेरी असतो, तो विणीत अडकला की सुटता सुटत नाही. तंबू ठोकून रात्र रात्र कार्पसाठी बसणाऱ्यांशी त्यांचं बोलणं नाही. का ते मी विचारलं नाही, उत्तर लांब असणार.

एकदा त्यांची बायको मला म्हणाली, "आमच्या लग्नाची तारीख त्यांना विचारून बघा." मी विचारली. नद्यांवर रोच-ब्रीमसारख्या माशांसाठी 15 मार्च ते 15 जून बंदी असते, 16 जूनला हंगाम उघडतो. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "बंदीतली आहे, एवढं नक्की. नाहीतर मी हजर नसतो."

त्या बाईंची खरी लढाई कपड्यांच्या दोरीवरून आहे. जाळी एका तळ्यातून निघाली की धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात जाता कामा नये. ओल्या विणीबरोबर रोगराई प्रवास करते, आणि कार्पचा जीव घेणारा कोई हर्पिस विषाणू तर कुप्रसिद्धच आहे. पण इंग्लंडच्या उन्हात जाळी वाळवणं हा श्रद्धेचा विषय. ती बाईंच्या ब्लाउजांच्या मधोमध तीन तीन दिवस लोंबकळते. वारा आमच्याकडचा असला की मला देवगड आठवतं. माझी बायको साताऱ्याची. तिला फक्त वास येतो.

मध्यंतरी त्यांनी बऱ्यापैकी पैसे मोजून 3 मीटरची, मऊ विणीची नवी जाळी घेतली. पहिल्याच रविवारी ज्या तळ्यावर गेलो, तिथे पाटी : बाहेरच्या जाळ्यांना मज्जाव, तळ्याच्याच जाळ्या वापराव्यात. कारण तेच, रोगराई. नवी जाळी गाडीच्या डिकीत राहिली आणि जाळीवाले दिवसभर दुसऱ्याच्या जाळीशेजारी बसले. तक्रार करायची सोय नव्हती, कारण नियम त्यांना पटलेला होता. न पटलेल्या नियमाला निदान शिव्या तरी देता येतात.

वॉल्टनचं 1653 सालचं 'द कम्प्लीट अँग्लर' त्यांच्या उशाशी असतं. मला त्यांनी ते वाचायला दिलं. त्यात पाइक भाजायची कृती आहे, ती मी दोनदा वाचली. त्यांना तसं सांगितल्यावर पुस्तक परत मागितलं गेलं.

आता जुलैतल्या एका दिवसाबद्दल. सकाळपासून वारा पडलेला, आभाळ तापलेलं. अकराच्या सुमाराला जाळीवाल्यांना एक टेंच लागला. काट्यावर चार पौंड दोन औंस. पबातली मित्रमंडळी चार वाजता तळ्यावर यायची होती, त्यामुळे तो जाळीत, विलोच्या सावलीत गेला. त्याच्या जोडीला आणखी एक टेंच आणि चार-पाच ब्रीम. बारा वाजता त्यांनी जाळीकडे बघितलं, मग घड्याळाकडे. साडेबाराला पाण्यात हात घालून बघितला. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि जाळीतल्या माशाला तिथून हलता येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. एक वाजता एक शब्द न बोलता ते उठले, जाळीचं तोंड पाण्यात टेकवलं, बूड हळूहळू उचललं आणि मासे आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, बाहेर जाईपर्यंत थांबले. पहिला टेंच सगळ्यात शेवटी गेला.

संध्याकाळी पबात कुणी विश्वास ठेवीना. "साक्षीदार आहे," म्हणून जाळीवाल्यांनी मला पुढे केलं.

"कसा होता टेंच?" एकानं विचारलं.

"हिरवट," मी म्हणालो, "डोळा लाल." टेबलावर थोडी शांतता झाली. केस आमच्या बाजूला झुकत होती.

"केवढा?"

शेजारधर्म म्हणून मी दोन्ही हात ऐसपैस पसरले. "पाच पौंडांच्या खाली नाही."

"चार पौंड दोन औंस," जाळीवाले तत्काळ म्हणाले. मग ग्लास खाली ठेवून थोडा विचार केला. "आणि काटा शून्यावर आणला तेव्हा पिशवी कोरडी होती. ओल्या पिशवीचे दोन औंस काढून टाका. चार."

चार पौंडांच्या टेंचसाठी त्या टेबलावर कुणी मान वर करत नाही. "पण मग चारपर्यंत जाळीत का नाही ठेवलात?" कुणीतरी विचारलं.

जाळीवाले खुर्चीत सावरून बसले. "त्याचं असं आहे," ते म्हणाले, "पाणी एकदा तापलं की..."

टेबलावरचे तिघंही एकदम उठले. पुढची फेरी आपलीच, असं प्रत्येकाचं म्हणणं होतं.