रा. रा. शेपूटराव टर्कीकर यांस

मु. पो. आपिया, सामोआ



लोक आपल्याला शेपूट म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. टर्कीची पिसं जिथं रुजतात तो मांसल गड्डा म्हणजे आपण. पोटात तेलाची ग्रंथी, बाकी बरीचशी चरबी. अमेरिकेत घरच्यांनी आपल्याला पानात घेतलं नाही. पण टाकलेला माल बोटीत चढला की निर्यात ठरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर आपण पॅसिफिकच्या बेटांवर उतरलात आणि तिथलेच झालात.

यजमान खाण्यापिण्यातले दर्दी. अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं दाट दूध ओतायचं, पुरचुंडी बांधायची आणि तापल्या दगडांवर भाजायची. याला पालुसामी म्हणतात. आमच्या कोकणातली आजी हे बघून एवढंच विचारील, "चिंच कुठाय गं?" अळकुड्या तर तिथलं रोजचं जेवण. १९९३ मध्ये अळूवर करपा पडला. निर्यातीचं मुख्य पीक गेलं आणि घरातलं जेवणही. आपल्यावर मात्र करपा पडत नाही, आपण बारमाही.

डबे आपल्याही आधी पोचले होते. वाटाण्याच्या सुपाचा डबा आला, 'पी सूप'चं 'पिसुपो' झालं आणि पुढं ते नाव डब्यातल्या खारवलेल्या गोमांसाला चिकटलं. आता लग्नात, मयतात पिसुपो आहेर म्हणून देतात. (आमच्याकडे आहेरात स्टीलचे डबे येतात, निदान रिकामे असतात.) चहूकडे समुद्र, आणि बांगडाही डब्यातला!

सामोआत निम्म्याहून अधिक प्रौढ लठ्ठ, मधुमेहाचा सुकाळ. शेवटी २००७ मध्ये सरकारनं आपल्याला बंदी केली. पण त्याच सरकारला जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं होतं. दारातच अट आली: आधी शेपूटरावांना आत घ्या. २०१२ मध्ये सामोआ सभासद झाला आणि आपल्यापायी एका सार्वभौम देशानं शेपूट घातलं. बंदीच्या बदल्यात ३०० टक्के आयातकराची मुभा मिळाली, तीही काही काळापुरती. व्यापार मुक्त आहे. दुसऱ्याच्या घरचं उष्टं नाकारायला सामोआवासी तेवढे मुक्त नाहीत.

आता सगळे तिथल्या बाईला पोषण शिकवायला निघालेत. शेपूटराव, तिला पोषण कळतं हो, पण भावही कळतो. न्यूझीलंडहून मुलानं पाठवलेले पैसे मोजून ती बाजारात उभी असते. ताजा मासा घेतला तर दोघांचं भागतं, आपल्याला घेतलं तर सगळ्या घराचं. या हिशेबात तिचं कुठं चुकलं ते एखाद्या तज्ज्ञानं बाजारातच उभं राहून सांगावं, स्वतःचं पाकीट घरी ठेवून.

असो. विनंती एवढीच की, येत्या नोव्हेंबरात जरा आपल्या गावी जाऊन या. थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की टेबलावर मांडतात. तिथं कुणी आपल्याला आवडीनं वाढून घेतंय का बघा, आणि तसं झालंच तर तिथंच राहा.

आपला,
अळूच्या वाफ्याशेजारी वाढलेला एक