आत कोण, बाहेर कोण

एकाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्याला बसवायचं, काम एवढंच. पण त्यासाठी इंग्रजीने दोन शब्द पाळलेत आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. 'रिप्लेस' म्हटलं की ज्याचं नाव आधी येतं तो बाहेर जातो. 'सबस्टिट्यूट' म्हटलं की ज्याचं नाव आधी येतं तो आत येतो. मध्ये 'विथ' आहे की 'फॉर', यावर दारातल्या माणसाने चपला काढायच्या की घालायच्या हे ठरतं.

शाळेत हे मला कुणी धड शिकवलं नाही, ते बरंच झालं. कारण साखर वाढल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या तक्त्यात पहिलीच ओळ होती, 'सबस्टिट्यूट नाचणी फॉर राइस'. मी ती मोठ्याने वाचली आणि जेवणाच्या टेबलावर निकाल दिला : नाचणी बंद, भात सुरू.

आमच्या घरात इतकी वर्षं नाचणी नव्हतीच, मग बंद काय करायचं, हा प्रश्न बायकोने विचारला. ती इंग्रजीची निवृत्त शिक्षिका आहे, हे माझ्या संसारातलं एक वैगुण्य. तिने 'फॉर'चा नियम सांगितला. आधी येते ती नाचणी, तीच ताटात येणार. 'फॉर'नंतरच्याने उठायचं.

मी हार मानणारा नव्हतो. समोर वरणभात होता. मी फाउलरला साक्षीला बोलावलं. इंग्रजी कसं वापरावं यावर या गृहस्थाने 1926 साली एक जाडजूड कोश काढला, आणि त्यात 'सबस्टिट्यूट'ला 'रिप्लेस'च्या अर्थाने राबवणाऱ्यांना चांगलंच झापलंय. आता झापलंय म्हणजे काय? म्हणजे खुद्द इंग्रज तसं सर्रास बोलत होते. कुणीच करत नाही अशा चुकीवर माणूस चिडत नाही. (फाउलर पूर्वी शाळामास्तर होता. ही जमात निवृत्त झाली तरी चिडणं सोडत नाही, हे मी मनातल्या मनात म्हटलं.)

शिवाय फुटबॉल. विश्वचषकात 1970 पासून बदली खेळाडू उतरवता येतो, आणि अमका 'सबस्टिट्यूट झाला' असं समालोचक म्हणतो तेव्हा तो अमका मान खाली घालून मैदानाबाहेर चाललेला असतो. म्हणजे नाव ज्याचं, तो बाहेर. या न्यायाने नाचणीने बाकावर बसावं आणि भाताने मैदानात यावं.

"फुटबॉलवाले नव्वद मिनिटं धावतात," बायको म्हणाली आणि भाताचं पातेलं उचलून घेऊन गेली.

क्रिकेटवाले याबाबतीत जास्त काटेकोर. तिथे 'सबस्टिट्यूट' म्हणजे नुसता क्षेत्ररक्षणापुरता माणूस. उन्हात पळायचं, झेल घ्यायचे, पण बॅटिंग नाही, बोलिंग नाही, कप्तानी तर नाहीच. 'रिप्लेसमेंट' मात्र पुरा खेळाडू. 2019 साली लॉर्ड्सवर इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला आणि त्याच्या जागी लाबुशेन आला. डोक्याला मार लागला तर दुसरा पुरा खेळाडू घेता येईल, हा नियम तेव्हा नवाकोरा होता. आल्या आल्या आर्चरने त्याच्याही हेल्मेटच्या जाळीवर चेंडू हाणला. हा पठ्ठ्या उठला आणि 59 धावा करून गेला. गेला म्हणजे तंबूत. संघातून काही गेला नाही. पुढे स्मिथ बरा होऊन परतला तेव्हा जागा रिकामी करावी लागली ती उस्मान ख्वाजाला, ज्याच्या डोक्याला काहीच झालं नव्हतं.

पण माझं आवडतं कलम 2022 मधलं. त्या वर्षी क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने नियमात घातलं की जागी आलेला खेळाडू म्हणजे जणू तो आधीचाच. त्या सामन्यात आधीच्याला काही शिक्षा झाली असेल, तो बाद झाला असेल, तर ते सगळं नव्याच्या खाती. कायदा करणाऱ्यांनी एकदा तरी सरकारी कचेरीत बदली होऊन आलेल्या कारकुनाचं टेबल पाहिलं असणार.

आमच्याकडे हे कलम एमसीसीच्या आधीपासून लागू आहे. चैत्रात आमच्या कामाच्या बाई गावच्या जत्रेला जातात आणि बदलीवर कुणाला तरी पाठवतात. ही निवड फार विचारपूर्वक होते. येणारी कामाला आपल्यापेक्षा थोडी कमी हवी. जास्त चांगली आली तर लाबुशेन व्हायचा. यंदा आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी उंबऱ्यात उभं राहून अटी घातल्या : केर, लादी करीन, भांडी नाही, कपडे नाहीत. म्हणजे शुद्ध सबस्टिट्यूट. बायकोने मात्र त्यांना रिप्लेसमेंट समजून गेल्या महिन्यात फुटलेला कप, कुकरची हरवलेली शिट्टी आणि न सांगता मारलेल्या दांड्या, असा सगळा हिशेब ऐकवला.

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि शांतपणे विचारलं, "कप मीच फोडला म्हणताय ना ताई? चालंल. मग दिवाळीचा बोनस पण मलाच द्या."